मदत हवी आहे: व्हील अलाइनमेंट नक्की किती किलोमीटरला करायची?

पनवेलकर_गाडीवाला:
स्विफ्ट पेट्रोल, २०१९ ची, ३८,००० किमी झालेत. रोजचा रस्ता पनवेल–पेण, त्यामुळे पावसाळ्यात खड्डे चुकवायची सोय नाही. टायरवाले सांगतात दर ५,००० ला अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, सर्व्हिस सेंटर म्हणतं १०,०००, आणि ओळखीतले एक मेकॅनिक म्हणतात, गाडी एका बाजूला ओढत नसेल तर हातच लावू नका. सध्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेलं राहतं. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा जास्त झिजल्यात. ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दुकानदार अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि वर जादा पैसे घेऊन ‘कॅम्बर’ (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) असं एकत्रच सांगतोय. यातलं खरंच काय लागेल?

टायरॉड:
१०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते. पण हा आकडा *तपासायचा* आहे, प्रत्येक वेळी नट फिरवायचा नव्हे. रीडिंग मर्यादेत असेल तर काहीही न हलवता गाडी खाली उतरवली पाहिजे. तुमच्या रस्त्याला पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा मशीनवर चढवा, तेवढं पुरतं. किलोमीटर न बघता लगेच करायचं ते तीन वेळा: चाक धरणारे-वळवणारे भाग, म्हणजे टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट, बदलल्यावर, खड्ड्यात जोरात आपटून स्टिअरिंगचा मध्य सरकल्यावर, आणि नवे टायर टाकल्यावर. ‘ओढत नाही म्हणजे ठीक आहे’ हे मात्र चूक. दोन्ही चाकं सारखीच आत वळलेली असली तर गाडी सरळ जाते आणि टायर मुकाट्याने संपतात.

थरथरीचा अलाइनमेंटशी संबंध नाही. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते. रिमवर लावलेलं बॅलन्सिंगचं वजन पडलंय का किंवा रिमला वाक आलाय का ते बघा.

घाटउतार:
मशीनवर जायच्या आधी दोन गोष्टी. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. हवा कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त झाली तर मधला भाग. तुमच्या टायरांची आतली कडही झिजली असेल तर दोष आधी हवेत शोधा.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून (खाली स्टँड लावूनच) हाताने हलवून बघा. वर-खाली धरून खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खुळखुळलं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टिअरिंग रॅककडचा जोड). खेळ असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, पुढच्या खड्ड्यात ती परत बिघडते. लोअर आर्मचे बुशही (रबरी जोड) बघायला सांगा, त्याकडे दुकानात सर्रास दुर्लक्ष होतं.

आणि *आधीचं* रीडिंग छापून मागा. नुसती नंतरची हिरवी (सगळं मर्यादेत दाखवणारी) प्रिंट कामाची नाही. मॉडेल आणि साल बरोबर निवडलंय का ते तिथेच स्क्रीनवर बघून घ्या.

पनवेलकर_गाडीवाला:
हवा बरोबर होती, खेळ कुठे नाही. आधीची प्रिंट घेतली, अजून काही फिरवू दिलेलं नाही. पुढचा टो (वरून बघता चाक किती आत-बाहेर वळलंय, + म्हणजे आत): डावा +०.६०°, उजवा −०.१०°. कॅम्बर: डावा −०.४°, उजवा −०.६°. मागचा टो: डावा +०.१५°, उजवा +०.१२°. पुढच्या टोचे दोन्ही आकडे लाल, बाकी सगळं हिरवं. तरी दुकानदार कॅम्बरवर ठाम आहे.

टायरॉड:
सगळं उत्तर यातच आहे. पुढचा एकूण टो +०.५०°. गाडी चालताना तो दोन्ही चाकांत सारखा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी ०.२५° आत. तेवढ्या कोनात टायर दर किलोमीटरला साधारण ४.४ मीटर आडवा घासतो. १०,००० किमीत ४४ किमी. दोन्ही बाहेरच्या कडा गेल्या त्या यामुळे. डावी-उजवीतली तफावत भरून काढायला स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं, म्हणून ते कललेलं दिसतं.

कॅम्बर करू नका. दोन्ही बाजूंत फरक फक्त ०.२° आहे, साधारण अर्ध्या अंशापुढे गेला तर गाडी ओढायला लागते. या गाडीत कॅम्बरला वेगळं ॲडजस्टमेंट नाही. दुकानात हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट चक्क वाकवतात. हिरव्या रीडिंगवर तसं करणं म्हणजे चांगला पार्ट खराब करणं. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) आहे, तिथेही फिरवायला काही नाही आणि गरजही नाही.

घाटउतार:
फिरवताना समोर उभे राहा. स्टिअरिंग सरळ धरून ते हलू नये म्हणून लॉक लावलाच पाहिजे, नाहीतर आकडे हिरवे येतात आणि स्टिअरिंग पुन्हा वाकडं. टाय रॉडचा लॉक नट सैल करायच्या आधी रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सोडायला सांगा. ती तशीच ठेवून रॉड फिरवला की बूट पिळवटतो, काही महिन्यांत फाटतो, आत पाणी-चिखल जातो आणि खर्च थेट स्टिअरिंग रॅकवर येतो. काम झाल्यावर बूटच्या घड्या सरळ दिसल्या पाहिजेत.

टायर रोटेट करायचे असतील तर अलाइनमेंटच्या आधी: पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. बॅलन्सिंगही त्याच वेळी उरका.

मग सपाट रस्त्यावर चालवून बघा. आपले रस्ते पाण्यासाठी डावीकडे उतरते असतात, तेवढं हलकं डावीकडे जाणं चालतं. त्याहून जास्त ओढली तर पुढचे दोन टायर आपसात बदला (एकाच दिशेने फिरणारे नसतील तर). ओढ उजवीकडे आली की दोष टायरचा, परत अलाइनमेंटचे पैसे देऊ नका.