मदत हवी आहे: सासूबाईंची रक्तदाबाची गोळी ५ वरून २.५ झाली, डोस खरोखरच निम्मा झाला आहे का?

नमस्कार. प्रश्न माझ्या सासूबाईंच्या औषधाविषयी आहे. त्यांचे वय ७१ आणि वजन ४६ किलो आहे. मधुमेह नाही, दमा नाही आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वयाच्या मानाने व्यवस्थित आहेत. गेली अनेक वर्षे त्या अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी न्याहारीनंतर घेत आल्या आहेत. गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करून आम्ही दहिसरला भाड्याच्या घरात आलो. जुन्या फॅमिली डॉक्टरांना त्यांची प्रकृती तोंडपाठ होती, पण तपासणीसाठी दर वेळी लोकलने चर्नी रोडपर्यंत जाणे आता त्यांना झेपत नाही, म्हणून घराजवळच्या एका डॉक्टरांकडे जाऊ लागलो.

नव्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५, रोज एक’ असे लिहिले आणि “औषध तेच आहे, चालू ठेवा” एवढेच सांगितले. बाहेर रुग्णांची रांग असल्यामुळे अधिक विचारणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. घरी आल्यावर मात्र वाद सुरू झाला. सासऱ्यांच्या मते गोळी निम्मी झाली आहे, तेव्हा रोज दोन द्याव्यात. नणंदबाईंच्या मते जुन्या गोळ्यांची पट्टी शिल्लक आहे, ती आधी संपवावी. सध्या चिठ्ठीप्रमाणे एकच गोळी चालू आहे. परंतु घरच्या यंत्रावर सकाळचा दाब १४६/८२, १५०/८४ असा येतो, संध्याकाळी १३८/७८ च्या आसपास असतो, आणि त्यामुळे सासऱ्यांचा आग्रह वाढत चालला आहे.

डॉक्टरांची पुढील भेट होणारच आहे. तोपर्यंत प्रौढ व्यक्तीसाठी या औषधाची मात्रा कशी ठरवतात आणि ५ व २.५ या आकड्यांचा परस्परसंबंध काय, हे जाणकारांनी समजावून सांगितल्यास त्यांच्यासमोर नेमके प्रश्न मांडता येतील.

प्रतिसाद १

माझे वडील अ‍ॅम्लोडिपिन १० घेतात आणि त्यांना काहीही त्रास नाही. १० पर्यंत चालते. तेव्हा २.५ च्या दोन गोळ्यांनी काही बिघडणार नाही असे वाटते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद वाचून कोणी दोन गोळ्या देऊ नयेत, म्हणून तातडीने लिहीत आहे. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आणि हा गोंधळ आमच्या काउंटरवर नेहमी पाहतो.

साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीत एकाच रेणूची दोन रूपे समप्रमाणात असतात. डावा आणि उजवा तळहात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असूनही एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तशी ही रूपे आहेत. रक्तवाहिन्या सैल करण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे त्यातील एस रूप करते. दुसऱ्याचा रक्तदाबावर नगण्य परिणाम होतो. एस-अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीत केवळ कामाचे रूप घेतलेले असते. त्यामुळे एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ म्हणजे व्यवहारात साधे अ‍ॅम्लोडिपिन ५, आणि एस-अ‍ॅम्लोडिपिन ५ म्हणजे साधे १०. आपल्या सासूबाईंचा डोस निम्मा झालेला नाही, तो होता तेवढाच आहे. दोन गोळ्या दिल्या तर तो दुप्पट होईल, आणि साधे १० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी दिवसाची कमाल मात्रा आहे. ४६ किलोच्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तेथे एकदम नेऊन ठेवण्याचा निर्णय घरात घेण्यासारखा नाही. जुनी पट्टीही नव्या गोळीच्या जोडीने देऊ नये; एका वेळी दोहोंपैकी एकच.

दुसरी गोष्ट नावापुढच्या अक्षरांची. गोळीच्या व्यापारी नावापुढे ‘एटी’ असेल तर त्या गोळीत बहुधा अ‍ॅटेनोलॉल हे दुसरे औषध असते, ‘एएम’ असेल तर मूळ औषधात अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेले असते, आणि ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारे औषध असते. टेल्मा ४० मध्ये केवळ टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे वेगळे औषध आहे, तर टेल्मा-एएममध्ये टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅम्लोडिपिन ५ सुद्धा आहे. एखाद्याला टेल्मा-एएम चालू असताना वेगळी अ‍ॅम्लोडिपिनही चालू राहिली, तर नकळत दुहेरी डोस जातो. आणि अ‍ॅटेनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही, शिवाय ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून दोन अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये.

आपण एकदा पट्टीची मागची बाजू पाहून तेथे काय छापले आहे ते येथे लिहावे.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पट्टी पाहिली. दुकानदाराने दहा गोळ्यांच्या पट्टीतून सहा कापून दिल्या होत्या आणि कात्री नेमकी नावावरून गेली होती. समोर फक्त ‘…मेक्स’ आणि खाली २.५ एवढेच उरले होते, तर वापराची अंतिम तारीख दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर होती. मागच्या चकाकत्या बाजूवरची बारीक अक्षरे मोबाइलच्या उजेडात तिरकी धरून वाचली, तेव्हा एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम असल्याची खात्री झाली. ‘एटी’ वगैरे काही नाही.

म्हणजे डोस तोच आहे. मग दाब पूर्वीपेक्षा जास्त का येत असावा? गिरगावात असताना तो १३० च्या आसपास असे. गोळी रात्री दिली तर सकाळचा दाब कमी येईल का? आणि डॉक्टरांनी पुढे डोस वाढवलाच, तर पाय सुजतात असे ऐकले आहे, ते कितपत खरे?

प्रतिसाद ३

मी फिजिशियन आहे. रुग्णाला तपासल्याशिवाय डोस सांगणे योग्य नाही आणि तो मी सांगणारही नाही; परंतु डॉक्टर कसा विचार करतात ते मांडतो.

अ‍ॅम्लोडिपिनची प्रौढांसाठी नेहमीची सुरुवात दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅम अशी असते. अंगाने बारीक, वयस्कर किंवा यकृताचा विकार असलेल्या व्यक्तींना २.५ पासून सुरुवात करतात, कारण त्यांच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या विकारात मात्र सहसा मात्रा बदलावी लागत नाही. (हे सर्व आकडे साध्या अ‍ॅम्लोडिपिनचे आहेत, एस-अ‍ॅम्लोडिपिनसाठी निम्मे धरावेत.) या औषधाची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे रोज एक गोळी पुरते आणि त्यामुळेच ती पूर्ण स्थिरावायला सात-आठ दिवस जातात. आज डोस बदलला आणि उद्या यंत्रावर फरक दिसला नाही म्हणून परवा पुन्हा वाढवला, असे करणे म्हणूनच चुकीचे ठरते. साधारणतः एक ते दोन आठवडे थांबून मगच पुढचा निर्णय घेतात.

सकाळ की रात्र, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. सकाळी गोळ्या घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाबाबत तर जी वेळ रोज न चुकता पाळता येते ती उत्तम. जेवणाआधी की नंतर, यानेही फरक पडत नाही.

घोट्याजवळची सूज खरी आहे आणि ती मात्रेवर अवलंबून असते. औषधाच्या अधिकृत माहितीत ५ मिलिग्रॅमवर सुमारे ३ टक्के, तर १० वर सुमारे ११ टक्के रुग्णांत ती नोंदलेली आहे आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अधिक आहे. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसून लहान धमन्या रुंदावल्यामुळे आलेली असते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी ओसरत नाही. मला स्वतःला ५ वरून १० वर जाण्यापेक्षा ५ कायम ठेवून टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध कमी मात्रेत जोडणे पुष्कळदा सोयीचे वाटते. दाबही उतरतो आणि सूजही कमी राहते. अर्थात हा निर्णय रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम पाहून घ्यायचा असतो.

आता दाब का वाढला याविषयी. डोसकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. मोजण्याची पद्धत: पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसणे, हात हृदयाच्या पातळीला टेकवणे, त्याआधी अर्धा तास चहा नाही, मोजताना बोलणे नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या खाली असणे ही प्रौढांसाठी सर्वसाधारण मर्यादा मानतात, वयोमानानुसार डॉक्टर ती बदलू शकतात. दुसरे म्हणजे, घर बदलल्यापासून नवीन काय सुरू झाले? विशेषतः गुडघेदुखीच्या गोळ्या.

धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, आपण अगदी बरोबर ओळखलेत. नव्या इमारतीची लिफ्ट वारंवार बंद पडते आणि तिसरा मजला चढून-उतरून सासूबाईंचे गुडघे दुखू लागले आहेत. शेजारच्या काकूंनी सुचवल्यावरून त्या रोज डायक्लोफिनॅकची एक गोळी घेत आहेत. दुखण्याची गोळी म्हणून नव्या डॉक्टरांना ती सांगण्याचे त्यांच्या मनातच आले नव्हते. मोजण्याबाबतही सांगायचे तर, सकाळचा चहा झाल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, आमच्याशी बोलतच मोजणे होते.

एक शंका राहिली. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात का?

प्रतिसाद २

नाही. त्याच दिवशी आठवले तर आठवताक्षणी घ्यावी. बारा तासांहून अधिक उशीर झाला असेल तर ती सोडून द्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. हे औषध रक्तात बराच काळ टिकत असल्यामुळे एका चुकलेल्या गोळीने दाब लगेच उसळत नाही. आणखी एक: कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर अ‍ॅम्लोडिपिनबरोबर त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक कोणी लिहिले तर त्यांनाही अ‍ॅम्लोडिपिन चालू असल्याचे सांगावे, कारण त्याने याची रक्तातील पातळी वाढते.

प्रतिसाद ३

डायक्लोफिनॅक आणि त्या गटातील वेदनाशामके शरीरात मीठ व पाणी अडवून धरतात आणि दाब वाढवतात. या वयात मूत्रपिंडालाही ती सोसत नाहीत. पुढील भेटीची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना फोन करून हे सांगावे. पर्यायी वेदनाशामक ते सुचवतील. दाब १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले, तर गोळ्यांचा हिशेब करत न बसता १०८ ला फोन करावा.

धागाकर्ती

डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ तसेच ठेवले, डायक्लोफिनॅक बंद करून गरजेपुरते पॅरासिटामॉल व गुडघ्यांचे व्यायाम सांगितले आणि क्रिएटिनीन-पोटॅशियमची तपासणी लिहून दिली. ती करून, दोन आठवड्यांच्या नोंदींची वही घेऊन पुन्हा बोलावले आहे. तेव्हाही सरासरी १३५ च्या वर राहिली तर टेल्मिसार्टन जोडण्याचा विचार करू, असे ते म्हणाले. चहापूर्वी, खुर्चीत शांत बसून मोजल्यावर गेल्या काही सकाळी १३४ ते १४० च्या दरम्यान नोंदी येत आहेत. सासऱ्यांना दोन गोळ्यांचा हिशेब आता पटला आहे. जुनी पट्टी त्यांनीच वेगळ्या डब्यात काढून ठेवली. नवीन औषध आणताना मी अख्खी पट्टीच घेतली.