निळीचं पिंप पावसात बिघडलं आहे, वाचवता येईल का? (ठाणे)

नमस्कार. घरी नैसर्गिक निळीत कापड रंगवणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. कपड्यांना शेवटच्या पाण्यात घालतो ती नीळ नव्हे, झाडाच्या पाल्यापासून काढतात ती.

आम्ही चरईत राहतो. एप्रिलमध्ये गॅलरीत २० लिटरचं पिंप लावलं. तमिळनाडूहून मागवलेली १०० ग्रॅम नीळ, तेवढाच विरवलेला चुना, २०० ग्रॅम गूळ आणि टाकळ्याचं बी उकळून ते पाण्यासकट. टाकळ्याची भाजी दर पावसाळ्यात करतो, पण दक्षिणेतले रंगारी त्याचं बी नीळ आंबवायला घालतात हे मला तेव्हाच कळलं. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आंबवण जमलं की तिचा निळेपणा जातो, पिवळट-हिरवी होऊन ती पाण्यात उतरते, मगच धाग्यात शिरते. आमचं सहाव्या दिवशी जमलं. वर तांब्यासारखी चकाकती साय, मधोमध निळ्या फेसाचं फूल.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी कॉलेज मध्येच सुटलं, तेव्हापासून तो खोलीबाहेर फारसा येत नव्हता. डॉक्टर, औषधं चालू आहेत. निळीने आजार बरा होतो असं मी म्हणत नाही. पण कापड अलगद बुचकळायचं, आत बुडबुडे जाऊ द्यायचे नाहीत, मनात आकडे मोजायचे, बाहेर काढलं की पोपटी कापड हवेत डोळ्यांदेखत निळं होताना बघायचं, पुन्हा बुचकळायचं. यात त्याचा तास-दीड तास जायचा. "आई, आता बघ हं," म्हणायचा. कितीतरी महिन्यांनी त्याने मला काही दाखवायला हाक मारली होती.

जूनअखेर गॅलरीत पाणी यायला लागलं म्हणून पिंप मोरीत आणलं. तिथे ऊन नाही, ऊबही नाही. साय गेली. पाणी हिरवं न दिसता राखाडी-निळं दिसतं, वास आंबट. पीएचची पट्टी आधी ११ च्या आसपास दाखवायची, आता ८. रुमाल रंगवून पाहिला तर सगळा रंग धुण्यात गेला. घाबरून मी मूठभर गूळ टाकला, त्याने आंबटपणा आणखी वाढला.

आता गूळ बंद करून चुना थोडा थोडा घालत पीएच १० वर आणू का? एका दिवसात की दोन-तीन दिवसांत? गरम पाण्याच्या टबात पिंप ठेवून ऊब दिली तर चालेल का? आणि तळाचा गाळ ढवळायचा की तसाच बसू द्यायचा?

तो रोज सकाळी झाकण उघडून बघतो आणि परत खोलीत जातो. म्हणून 'ओतून द्या, नवं लावा' हा सल्ला कृपया अगदी शेवटी द्या. ठाणे, कळवा, ऐरोली भागात कुणाचं पिंप चालू असेल तर तांब्याभर विरजण मिळेल का? आम्ही दोघं घ्यायला येऊ.