ट्रेलरसाठी बॅटरी: घरातली ट्यूब्युलर चालेल की लिथियम घ्यावी?

प्रश्न (फोंडा)

गेल्या चवथीनंतर आम्ही दोन माणसे झोपू शकतील एवढा एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला असून नोव्हेंबरपासून काणकोणात आणि मोल्याजवळ ओळखीच्यांच्या बागायतींत शनिवार-रविवार मुक्काम करण्याचा विचार आहे. तिथे वीज नाही. जनरेटरच्या आवाजात रात्र काढायची तर घरीच राहिलेले बरे, म्हणून तो नको. चालवायचे आहेत ते ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, तीन एलईडी दिवे, दोन फोन आणि एक लॅपटॉप. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, बॅटरी अजून चांगली आहे. तीच वापरावी की १०० एएचची लिथियम घ्यावी? १०० हा आकडा १५० पेक्षा कमीच, मग जास्त पैसे कशाचे? शिवाय ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे गाडीला जोडायच्या दांड्यावर, एक रिकामी पेटी आहे. बॅटरी तिथे ठेवता येईल का?

उत्तर (म्हापसा)

आधी खर्चाचा हिशेब करू. फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण ४५ वॅट घेतो आणि आपल्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालू राहतो असे धरले, तर दिवसाचे ५४० वॅट-तास एकट्या फ्रिजचेच होतात. पंखा २५ वॅटचा आणि नऊ तास, म्हणजे २२५, दिवे ६०, फोन-लॅपटॉप १०० च्या आसपास. एकूण ९२५, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट.

१५० एएचची ट्यूब्युलर कागदावर १८०० वॅट-तास देते; परंतु शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे हातात ९०० उरतात. १०० एएचच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात आणि त्यांतले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. म्हणजे तुमच्या लहान आकड्यातून प्रत्यक्षात जास्त वीज मिळते, आणि तीही बारा-तेरा किलोंच्या डब्यातून; ट्यूब्युलर पन्नास किलोंच्या पुढे जाते.

माझ्या मते याहून मोठे कारण सोलर पॅनेलवर चार्ज करण्याचे आहे. शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचे वीस टक्के अतिशय संथपणे घेते, त्याला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात सूर्य माडांमागे जातो. अशी अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. लिथियमला ही अडचण नाही. ३०० वॅटचे पॅनेल छपरावर सपाट बसवले तर स्वच्छ दिवशी एक युनिटभर वीज मिळावी. मात्र सुरूच्या किंवा माडाच्या सावलीत ट्रेलर उभा केला तर ती आशा सोडा, कारण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन बरेच खाली येते. उघड्यावर ठेवून लांब वायरने जोडायचे सुटे पॅनेल त्यासाठीच बरे.

उत्तर (डिचोली)

वरचा हिशेब पटला, पण बॅटरी बदलली की चार्जरही बदलावा लागतो हे कृपया विसरू नका. विक्रेत्याने ‘हाच चालतो’ म्हणून दिलेला शिसे-आम्लाचा सोलर कंट्रोलर मी तसाच ठेवला होता. त्यातले इक्वलायझेशन (शिसे-आम्लाच्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) सुरू झाले की व्होल्टेज १५ च्या वर जाई, बीएमएस, म्हणजे लिथियम बॅटरीतले संरक्षक सर्किट, बॅटरी तोडून टाकी आणि भर दुपारी फ्रिज बंद. लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्ट पुरेत. इक्वलायझेशन पूर्ण बंद हवे.

गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून) थेट चार्ज करू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घाला; तो करंट मर्यादेत ठेवून बॅटरीला हवे ते व्होल्टेज देतो. तिथपर्यंतची वायर जाड हवी. ४ चौरस मिमी तांब्याची वायर सात मीटर नेली, तर जाता-येता मिळून २० अँपिअरला सव्वा व्होल्टहून अधिक गळती होते; १६ चौरस मिमी घेतली तर तीच तिसऱ्या हिश्श्याच्या आत येते. मी पहिल्यांदा हौसेने बारीक वायर टाकली होती. अनमोड घाट चढून थांबलो तेव्हा फ्यूजच्या घराला हात लावला; प्लास्टिक मऊ झाले होते आणि बोटाला जळका वास चिकटला. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा, कारण त्याच्या आधीच्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेसाठी कल्हई केलेली तांब्याची वायर आणि उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद केलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) घ्या. माझ्या जुन्या लगांवर दोन मोसमांत हिरवट चुरा धरला होता. नखाने खरवडला तर खालचे तांबे काळे.

नाकावरची पेटी सोडा. दांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्केच भार यावा, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत बॅटरी इतकी तापू शकते, की बीएमएस चार्जिंग थांबवतो. बॅटरी आत, चाकांच्या आसाजवळ, जमिनीलगत, पट्ट्याने आवळून ठेवा.

उत्तर (मडगाव)

ट्यूब्युलर घरीच राहू द्या. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि ज्या खोक्यात माणसे झोपतात तिथे त्याला जागा नाही. चोर्ल्याच्या वळणांवर आम्ल हिंदकळते ते वेगळेच.

लिथियम घेतलीत तर व्होल्टेजवरून चार्ज ओळखण्याचा प्रयत्न करू नका. ती अर्धी असो वा पाऊण, मीटर १३.२ च्या आसपासच दाखवतो. शंट लावलेला, म्हणजे बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, मीटर हवा. पावसाळ्यात ट्रेलर तीन-चार महिने उभा राहणार असेल तर ती सुमारे निम्मी भरून, तार सोडवून ठेवा. शिसे-आम्लाचा नियम नेमका उलटा, ती पूर्ण भरलेलीच ठेवायची.

एक सूचना विषयाला लागूनच: आगोंद व गालजीबागच्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात. त्या बाजूला गेलात तर बाहेरचा दिवा लावू नका, बॅटरीही वाचेल.

प्रश्नकर्ता (फोंडा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लिथियमच घेतो. मी वायरचे अंतर मनात पाच मीटर धरले होते. आज संध्याकाळी गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या आसापर्यंत वळणावळणाने सुतळी धरून मोजले, तर ते साडेआठ मीटर भरले. आता १६ चौरस मिमी पुरेल की २५ घ्यावी?

उत्तर (डिचोली)

डीसी-डीसी चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीशेजारी बसवलात तर १६ पुरेल. त्या अंतरात ०.४ व्होल्टची गळती येईल आणि चार्जर ती भरून काढतो. २५ ची वायर घेऊन ठेवा, पण ती इन्व्हर्टरसाठी; हजार वॅटचा इन्व्हर्टर भरात आला की ९० अँपिअर ओढतो, तेव्हा तो बॅटरीपासून मीटरभराहून लांब नको.