विषय: ग्रेलिंगची साइड-बाय-साइड सहल, ट्रेल कुठली धरावी?

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी रंगीत पानं बघायला अप नॉर्थ, म्हणजे मिशिगनच्या उत्तर भागात, जायचं ठरतंय. ग्रेलिंगजवळ केबिन घेतलीय, पाच कुटुंबं आहोत. पोरांचा हट्ट एकच, जंगलात साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटवाली, कच्च्या वाटांवरची छोटी चारचाकी) चालवायची. दोन भाड्याने घेऊ. ट्रेल कुठली धरावी? अर्णव बारा वर्षांचा आहे, त्याला चालवू देतात का? काहींचं म्हणणं नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जाऊ, चार दिवस मिळतील.
अनघा

---

अनघा,
ट्रेल नंतर बघ, आधी गाडीची रुंदी विचार. मिशिगनच्या नकाशावर ‘ओआरव्ही ट्रेल’ (ओआरव्ही म्हणजे ऑफ-रोड गाडी) आणि ‘ओआरव्ही रूट’ असे दोन शब्द असतात, आणि आपण दोन्ही एकच समजतो. ट्रेल ५० इंचांपेक्षा अरुंद गाड्यांसाठी. रूट ७२ इंच रुंद, तिथे मोठ्या गाड्या चालतात. चार सीटवाली बहुतेक ५० च्या वरच असते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी भाडेवाल्यानेच नकाशावर बोट ठेवून ‘इथून जा’ सांगितलं. दोन मैलांवर दोन जॅक पाइनच्या झाडांमधे गाडी अडकली. आरसा तुटला, दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. वळवायला जागाच नाही. दोन मैल रिव्हर्समध्ये, आमची ही गाडीमागे चालत ‘डावीकडे, अहो डावीकडे!’ ओरडतेय. डिपॉझिट अर्थातच गेलं.

आणखी एक. तिथली जमीन वाळूची. चाकांनी ओळीने उंचवटे पडतात, त्यांना ‘व्हूप्स’ म्हणतात. आईबाबांना मागच्या सीटवर बसवू नकोस, दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

अर्णवला सेफ्टी सर्टिफिकेट लागेल (सोळाच्या आतल्या सगळ्यांना लागतं), आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. भाडेवाले तरी इतक्या लहान मुलाच्या हातात चावी देतीलसं वाटत नाही. गाडीवर परवान्याचा आणि ट्रेल परमिटचा स्टिकर आहे ना, तेही बघून घे.
मिलिंद

---

थँक्सगिव्हिंग नकोच गं! १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम. शिकारीला खुल्या जंगलात सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५ ओआरव्ही चालवायला बंदी. म्हणजे उजेडात उरले ११ ते २, ऐन जेवणाची वेळ.
श्रुती

---

जॅक पाइनवरून आठवलं म्हणून लिहितो, विषयांतराबद्दल क्षमस्व. याच कोवळ्या जॅक पाइनखाली जमिनीवर कर्टलँड्स वॉर्ब्लर नावाचा छोटा पक्षी घरटं करतो. एके काळी नामशेष व्हायच्या बेतात होता, २०१९ साली संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. हिवाळ्याला बहामात जातो, म्हणजे आपल्यापेक्षा शहाणा. ऑक्टोबरात दिसायचा नाही, पण त्याच्या नावाची पाटी दिसली तर गाडी आत घालू नका.
देशपांडेकाका

---

सगळ्यांचे आभार. थँक्सगिव्हिंग बाद. भाडेवाल्याला फोन केला, चार सीटवाली ६४ इंच. मग जवळची ट्रेल ५० ची की ७२ ची, विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते तुम्हीच नकाशात बघा.”
मिलिंददादा, सहावं कुटुंब तुमचं. येताना मोजायची टेप आणा, वहिनींना या वेळी गाडीत पुढे बसवू.
अनघा