मदत हवी आहे: आयर्लंड, शिक्षणाचा भत्ता आणि मध्येच येणारं बजेट

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात काढावा ते कळेना, चुकीच्या जागी असेल तर हलवावा.

मी आयर्लंडमध्ये राहते, वय ४१. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, ते सुटलंच. नोकरी गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून जॉबसीकर्स अलाउन्सवर (सरकारचा बेकारी भत्ता) आहे. घरात मी आणि तेरा वर्षांची लेक, दोघीच. सप्टेंबर २०२६ पासून चार वर्षांच्या पूर्णवेळ डिग्रीला जागा मिळेल असं दिसतंय आणि त्यासाठी बॅक टू एज्युकेशन अलाउन्सचा (इकडे सगळे बीटीईए म्हणतात) अर्ज करायचाय. वय २१ च्या वर हवं, कॉलेजच्या कोर्ससाठी आधी ९ महिने भत्त्यावर असायला हवं, कोर्स पहिल्या वर्षापासून आणि आधीच्या शिक्षणापेक्षा वरच्या पायरीचा हवा. या सगळ्यात मी बसते.

घोडं पुढे अडलंय. कोर्स चार वर्षांचा, बजेट दर ऑक्टोबरला. म्हणजे मी वर्गात बसून महिना होतोय तोच पहिलं बजेट, आणि डिग्री हातात पडेपर्यंत अशी चार. २०२६ च्या बजेटने आठवड्याचा दर २४४ युरोचा २५४ केला, बारा वर्षांवरच्या मुलामागे ६२ चे ७८ केले, कॉलेजची फी ३००० वरून २५०० वर आणली. छानच. पण जे एका ऑक्टोबरात देतात ते दुसऱ्या ऑक्टोबरात काढूनही घेऊ शकतात ना?

ओळखीतल्या एकीचं म्हणणं, "एकदा आत शिरलीस की तुला कोणी हात लावत नाही." दुसरी म्हणते, असं काही नसतं, जानेवारी उजाडला की नवे नियम सगळ्यांना सारखेच. दोघींनीही हा भत्ता कधी घेतलेला नाही, हे आलंच.

कोणी प्रत्यक्ष यातून गेलंय का? मधल्या वर्षात काही बंद झालं तर माझ्याकडे शिल्लक अशी फारशी नाही. कोर्स अर्धवट सोडायची वेळ दुसऱ्यांदा नको.

प्रतिसाद १

ताई, मी २०१२ ते २०१५ या काळात बीटीईएवर शिकलो. ते सगळे कपातीचे दिवस, त्यामुळे तुमची भीती अनाठायी आहे असं म्हणणार नाही.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. एक आठवड्याची रक्कम, दुसरी तिच्या अवतीभवतीची किरकोळ मदत. आठवड्याचे १८८ युरो माझ्या तिन्ही वर्षांत एका सेंटने कमी झाले नाहीत. वाढलेही नाहीत म्हणा, आणि घरभाडं काही तीन वर्षं थांबलं नव्हतं. न वाढणं हीसुद्धा कपातच, फक्त ती बातम्यांत येत नाही.

कुऱ्हाड पडली ती दुसऱ्या भागावर. पुस्तकं-वह्यांसाठी वर्षातून एकदा 'कॉस्ट ऑफ एज्युकेशन अलाउन्स' मिळायचा. आधी ५०० होता, माझ्या पहिल्या सप्टेंबरात ३०० आले. मग २०१३ च्या बजेटने तो बंद केला, आणि दुसऱ्या वर्षी मी 'आत' असूनही हात हलवत बसलो. तेव्हा तुमच्या पहिल्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धंच खरं. पुढे २०१७ पासून तो ५०० युरोंनी परत आला, पण ज्यांच्यावर मूल अवलंबून आहे अशांनाच. तुम्हाला लेक आहे, तेव्हा अर्ज करताना त्याचं जरूर विचारा.

प्रतिसाद २

वरच्याला पुरवणी. बीटीईए असेल तर सुसीकडून (विद्यार्थ्यांना ग्रँट देणारं सरकारी कार्यालय) राहण्या-खाण्याची ग्रँट मिळत नाही. हा नियम २०१० मध्ये आला आणि तेव्हा मात्र नव्याने येणाऱ्यांनाच लावला, आधीपासून दोन्ही घेणाऱ्यांना कोर्स पुरा करू दिला. फीपुरती ग्रँट मात्र मिळू शकते, तो अर्ज वेगळा आणि दर वर्षी करायचा. पुष्कळ जण "बीटीईए आहे, मग सुसी नाहीच" असं धरून चालतात आणि पूर्ण फी भरून बसतात. तुम्ही ते करू नका.

आणि बजेटपेक्षा मला उन्हाळ्याची काळजी जास्त वाटते. कोर्सचं वर्ष संपलं की बीटीईए थांबतो, सप्टेंबरपर्यंत पुन्हा जॉबसीकर्सवर नाव घालावं लागतं. कोर्स चालू असताना पार्ट-टाइम काम केलंत तर बीटीईए कापला जात नाही, पण उन्हाळ्यात जॉबसीकर्सला त्याच कामाचे पैसे मोजले जातात. इथे लोक फसतात.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. उन्हाळ्याचं तर डोक्यातच नव्हतं! मी आपली बाराही महिन्यांचा हिशेब २५४ नेच मांडून बसले होते. आता वही पुन्हा काढते आणि पुस्तकांचे ५०० त्यात धरतच नाही, आले तर आले.

एकच राहिलं. शेवटचा पेपर मे महिन्यात होईल. नाव घालायला त्याच आठवड्यात जायचं की कॉलेजकडून वर्ष संपल्याचं पत्र हातात आल्यावर? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.