पाय गमावलेल्याने वैमानिक व्हावे का? निर्णय तपासणीच्या खोलीत व्हावा की विमानात?

फोंड्याहून (धागाकर्ती): माझ्या भाच्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, त्याला तीन वर्षे झाली. आता त्याला विमान चालवायला शिकायचे आहे. (गोव्यात नुसते ‘पायलट’ म्हटले की पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल डोळ्यांपुढे येते, म्हणून मुद्दाम ‘विमान’ लिहिले.) एका प्रशिक्षण संस्थेने कृत्रिम पाय पाहताच, अर्ज न वाचताच, त्याला परत पाठवले. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांनी १९३१ साली अपघातात दोन्ही पाय गमावूनही दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवले, आणि जन्मतः हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी २००८ साली अमेरिकेत परवाना मिळवला. उमेदवाराला काय जमते ते विमानात बसवून पाहावे आणि मगच नकार द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

वास्कोहून (निवृत्त विमान तंत्रज्ञ): ताई, तुमची दोन्ही उदाहरणे मला पटत नाहीत. बेडर पाय गमावण्याआधीच तयार वैमानिक होते, आणि कॉक्स ज्या अर्कूप विमानावर शिकल्या त्यात रडरची (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूची) पेडल्सच नसतात. सेसनासारख्या नेहमीच्या छोट्या विमानात रडर पायाने चालतो आणि ब्रेक त्याच पेडलच्या वरच्या टोकाने. आडव्या वाऱ्यात उतरताना नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे तेही पायानेच. पेडल मांडीच्या जोराने ढकलता येईल, पण वरचे टोक दाबायला घोटा लागतो, तो कुठून आणणार?

डिचोलीहून: घोट्याचा मुद्दा खरा आहे, पण पायपर चेरोकी या छोट्या विमानात दोन्ही चाकांना लागणारा हातब्रेक असतो. पेडलांना दांडा जोडून रडर हाताने चालवण्याची सोयही परदेशात जुनी आहे. त्यातली खरी अडचण वेगळीच आहे. उतरताना एक हात योकवर (विमानाच्या हातातल्या चाकावर) असतो आणि दुसऱ्याने रडर व थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा खटका) दोन्ही सांभाळावे लागतात, म्हणून काही रचनांत थ्रॉटल त्या दांड्यावरच बसवतात. अमेरिकेत अशा उमेदवाराची प्रत्यक्ष उड्डाणात चाचणी घेऊन क्षमतेचा दाखला देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे वैद्यकीय तपासणी खासगी परवान्यासाठी लागणारी वर्ग २ ची असो वा व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी वर्ग १ ची, तीत उणीव दिसली तर तिच्यावर उपाय आहे का, हे विमानातच पाहायला नको का?

वास्कोहून: स्वतःपुरते उडणाऱ्याबद्दल मी एक पाऊल मागे घेतो. पण हाच मुलगा उद्या शिकवायला बसला तर? घाबरलेला विद्यार्थी दोन्ही पाय पेडलांवर रोवून ताठ होतो, आणि विमान स्पिनमध्ये गेले (गरगर फिरत खाली पडू लागले) तर उलट दिशेचा रडर पूर्ण द्यावा लागतो. त्या दोन पायांपुढे प्रशिक्षकाचा एक हात किती पुरेल?

डिचोलीहून: काका, विद्यार्थी असा ताठ झाला तर धडधाकट प्रशिक्षकालाही जड जाते. मात्र हाताच्या दांड्याने ते आणखी अवघड होईल, हे मला मान्य आहे. म्हणून शिकवण्याच्या परवान्याची चाचणी वेगळी आणि कडक असावी.

फोंड्याहून: भाच्याने माळ्यावरचे जुने शिलाई मशीन खाली काढले आहे. कृत्रिम पायाला स्पर्श कळत नाही, म्हणून तो डोळे मिटून पायटा दाबतो, किती दबला ते गुडघ्यावरून सांगतो आणि मग मी पट्टीने मोजते. काल पाचांपैकी तीनदा अंदाज बरोबर आला. काका, तुमच्यासारख्या जाणत्याने एकदा येऊन पाहावे, अशी विनंती आहे.

वास्कोहून: रविवारी येतो. पट्टी मात्र माझी वापरू.