मारियाडीबी (डेटाबेस) बंद पडला की आपोआप चालू व्हावा यासाठी काय वापरता? (छोटा सर्व्हर, बजेट महिना 500)

मसाला_भाचा
नमस्कार मंडळी. लालबागला मामांचा मसाल्याचा धंदा आहे. ऑर्डरी, उधारी, कुरिअर सगळं एका वेबअ‍ॅपवर चालतं. भाड्याचा सर्व्हर आहे: 2 जीबी रॅम, उबुंटू, एनजिनएक्स, पीएचपी आणि मारियाडीबी. एप्रिल-मेमध्ये लोक वर्षभराचा मसाला भरतात, आणि ऐन त्या गर्दीत डेटाबेस बंद पडतो. मी राहायला डोंबिवलीला, नोकरीला अंधेरीला. मामांचा फोन आला की लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवरून लॉगिन करून सर्व्हिस चालू करायची. रेंज गेली की तेवढा वेळ दुकान बंद.

हवंय ते असं: बंद पडला की स्वतः उठावा, आणि मला मेसेज यावा. खर्च महिना 500 रुपयांच्या वर नको. मोनिटबद्दल (सर्व्हिसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) वाचलंय, सिस्टिमडीतही (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारी मूळ व्यवस्था) सोय आहे म्हणतात. वापरणाऱ्यांनी सांगा.

क्लाउडवाला_ठाणे
डोक्याला ताप नको, थेट आरडीएस (अ‍ॅमेझॉनच सांभाळतं असा भाड्याचा डेटाबेस) घ्या. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रिजन 2016 पासून आहे, लेटन्सीचा (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा) प्रश्नच नाही. मल्टी-एझेड घेतलंत तर एक डेटाबेस पडला की दुसरा आपोआप पुढे येतो. आमच्या ऑफिसात सगळं त्यावरच आहे, रात्री कोणी उठत नाही.

मसाला_भाचा
दादा, मल्टी-एझेड 500 रुपयांत बसेल का?

क्लाउडवाला_ठाणे
500 रुपयांत धंद्याचा डेटा ठेवूच नये. मामांना समजावून सांगा. हंगामात एका दिवसाच्या ऑर्डरी बुडाल्या तर किती जातात ते मोजा.

गिरगावकर_जुना
भाड्याचा सर्व्हर हवाच कशाला? दुकानात एक जुना पीसी ठेवा, चांगला यूपीएस लावा. माझ्या प्रेसचा हिशोब वर्षानुवर्षं असाच चालतो. डेटा आपल्या हातात, महिन्याचं भाडं नाही. बेस्टची वीज शहरात सहसा जात नाही.

क्लाउडवाला_ठाणे
12 ऑक्टोबर 2020 विसरलात वाटतं. सकाळी दहाच्या सुमाराला अख्खी मुंबई अंधारात, लोकलसुद्धा बंद. तुमचा यूपीएस किती तास टिकला?

गिरगावकर_जुना
त्या दिवशी गिऱ्हाईकही घरीच होतं. एका दिवसावरून ठरवू नका.

हिंदमाता_रहिवासी
पीसी ठेवणार असाल तर तळमजल्यावर मुळीच नको. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते दरवर्षी बघतो. लालबाग जरा बरं, पण माळ्यावरच ठेवा. डेटाबेसमधलं मला कळत नाही, पाण्याचं कळतं.

रूट_परळ
धाग्याच्या प्रश्नाकडे येऊ या. मी याच कामात आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. नावं इथे देवनागरीत आहेत, फाइलमध्ये नेहमीसारखी टाका.

आधी 'सिस्टिमसीटीएल कॅट मारियाडीबी' चालवा आणि रीस्टार्टच्या ओळीत काय आहे ते बघा. डिस्ट्रो आणि आवृत्तीनुसार तिथे वेगवेगळं असतं, काहींत फक्त ऑन-अबॉर्ट असतं, म्हणजे ठरावीक प्रकारे क्रॅश झाला तरच उठतो. त्या मूळ युनिट फाइलला (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) हात लावू नका, अपडेट आला की बदल पुसला जातो. 'सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी' म्हणा, त्याने वेगळी ओव्हरराइड फाइल तयार होते. त्यात सर्व्हिस विभागात 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक=5' टाका. ऑन-फेल्युअरमध्ये प्रोसेस क्रॅश झाली, कोणी जबरदस्तीने मारली, चुकीच्या कोडने बाहेर पडली, हे सगळं येतं. तुम्ही स्वतः 'स्टॉप' केलंत तर मात्र ती परत उठत नाही, आणि तसंच हवं.

आता बहुतेक लोक जिथे थांबतात तिथून पुढचं. सिस्टिमडीची डिफॉल्ट मर्यादा 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करण्याची असते. दोन प्रयत्नांमध्ये 5 सेकंदांचं अंतर ठेवलंत तर 10 सेकंदांत 5 प्रयत्न होतच नाहीत. म्हणजे मर्यादा कधीच गाठली जात नाही आणि बिघडलेला डेटाबेस रात्रभर पडत-उठत राहतो. म्हणून युनिट विभागात 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=300' आणि 'स्टार्टलिमिटबर्स्ट=4' टाका. सर्व्हिस विभागात नाही, युनिटमध्ये. पाच मिनिटांत चारदा सुरू करूनही पुन्हा पडला तर तो थांबेल आणि फेल्ड दिसेल.

मेसेजसाठी त्याच युनिट विभागात 'ऑनफेल्युअर=' लिहून एका छोट्या सर्व्हिसचं नाव द्या. ती कर्लने टेलिग्रामला मेसेज पाठवेल. रीस्टार्ट लावलेलं असताना हा मेसेज प्रत्येक पडण्याला येत नाही, सगळे प्रयत्न संपून सर्व्हिस फेल्ड झाली की येतो. खर्च शून्य.

विरार_लोकल
+1 सिस्टिमडी. रीस्टार्ट ऑलवेज टाका आणि विसरून जा. माझ्याकडे तसंच आहे.

रूट_परळ
विसरून जाऊ नका, हेच तर वर लिहिलंय.

संगणक_सेवा_कल्याण
विंडोज सर्व्हरवर हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसेसमध्ये एसक्यूएल सर्व्हरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, रिकव्हरी टॅब. पहिलं फेल्युअर, दुसरं फेल्युअर, पुढची सगळी, तिन्हीकडे 'रीस्टार्ट द सर्व्हिस'. कल्याण-उल्हासनगरच्या कितीतरी दुकानांत मी हेच लावून दिलंय.

मसाला_भाचा
माझ्याकडे लिनक्स आहे काका.

संगणक_सेवा_कल्याण
बदलता येतं. चौकशी असेल तर सांगा.

क्रॉन_विरोधक
कोणीही क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट सुचवायच्या आत लिहितो. आमच्या सोसायटीच्या अ‍ॅपला एका व्हेंडरने दर मिनिटाला 'मायएसक्यूएलअ‍ॅडमिन पिंग' (डेटाबेस जिवंत आहे का, हे विचारणं) करणारी स्क्रिप्ट लावली होती. पिंगला अ‍ॅक्सेस डिनाइड मिळालं तरी एक्झिट कोड शून्यच (म्हणजे 'ठीक') येतो, कारण सर्व्हर जिवंत असतो. अ‍ॅपचा पासवर्ड बदलला गेला होता, अ‍ॅप बंद होतं, आणि स्क्रिप्ट 'सगळं ठीक' सांगत होती. मेंटेनन्सच्या पावत्या अडकल्या आणि बोलणी कमिटीने खाल्ली.

पोस्टग्रेस_पार्ले
पोस्टग्रेसवर (हा दुसरा डेटाबेस) या. डेबियन-उबुंटूच्या युनिट फाइलमध्ये आपोआप रीस्टार्ट मुद्दाम बंद ठेवलंय आणि त्याचं एक कारण तिथेच कॉमेंटमध्ये लिहिलंय: बहुतेक अडचणींतून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) स्वतःच सावरतो. शिवाय मेमरी संपल्यावर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारायला पोस्टमास्टरला सहसा निवडू नये म्हणून ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट उणे 900 ठेवलेला असतो. हे असं विचार करून केलेलं काम मला आवडतं.

विरार_लोकल
हंगामाच्या तोंडावर डेटाबेस बदला म्हणणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं आहे.

रूट_परळ
त्यांच्या बोलण्यातला मेमरीचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. भाचेसाहेब, डेटाबेस कशामुळे पडतो, ते बघितलंत का? 'जर्नलसीटीएल -के' मध्ये (कर्नलच्या नोंदी) त्या वेळच्या ओळी शोधा.

मसाला_भाचा
बघितलं. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' आणि पुढे मारियाडीबीडी. प्रत्येक वेळी तेच. इनोडीबी (मारियाडीबीचं डेटा साठवणारं इंजिन) बफर पूल, म्हणजे डेटासाठी राखलेली रॅम, 1 जीबी आहे, आधीच्या डेव्हलपरने ठेवलेला. पीएचपीचे मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस) 40.

रूट_परळ
मग सापडलं. बफर पूल रॅमच्या 70-80 टक्के ठेवा हा सल्ला त्या मशीनवर फक्त डेटाबेस असेल तेव्हाचा आहे. तुमच्या पीएचपीच्या एका प्रोसेसने 40-50 एमबी घेतलं, तरी चाळीस प्रोसेसचे दीड-दोन जीबी तिथेच होतात. वर 1 जीबीचा पूल. गर्दी झाली की मेमरी संपते, आणि कर्नल सगळ्यात जाड्या प्रोसेसला मारतो. तो तुमचा डेटाबेस.

पूल 384 एमबी करा (डिफॉल्ट तर 128च आहे), पीएचपीचे चिल्ड्रन 12 वर आणा, आणि 1-2 जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लावा. मॅक्स कनेक्शन्स 151 असतील, ती 40 पुरे. हे आधी करा, रीस्टार्ट नंतर. नाहीतर उठलेला डेटाबेस त्याच गर्दीत पुन्हा मारला जाईल.

क्लाउडवाला_ठाणे
किंवा 4 जीबीचं मशीन घ्या. मी पहिल्यापासून सांगतोय की पैसे घाला.

एसएसडी_प्रेमी
स्वॅपने डेटाबेस मंदावतो. आमच्या सर्व्हरवर स्वॅप बंदच आहे.

रूट_परळ
मंद ऑर्डर आणि न आलेली ऑर्डर यात मामा कोणती निवडतील ते उघड आहे. 'स्वॅपीनेस' 10 ठेवा, नेहमीच्या कामात स्वॅपला फारसा हात लागणार नाही.

विरार_लोकल
+1. पण रीस्टार्ट ऑलवेजच.

मसाला_भाचा
सगळ्यांचे मनापासून आभार. पूल, पीएचपी आणि स्वॅप काल रात्री ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. रीस्टार्टसाठी मात्र मी मोनिटच लावतोय. इथे कोणीच ते सुचवलं नाही, तरी कारण सांगतो. एकदा डिस्क बिनलॉगने (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या फाइल) भरली होती. प्रोसेस जिवंत, सिस्टिमडीच्या लेखी सर्व्हिस अ‍ॅक्टिव्ह, आणि ऑर्डर एकही जात नव्हती. प्रोसेस आहे की नाही एवढं सिस्टिमडी बघतो. मोनिट 3306 पोर्टवर जाऊन मायएसक्यूएलच्या भाषेत बोलून बघतो, आणि डिस्क किती भरली तेही बघतो. दुसरं असं की मोनिटचं एक वेबपान असतं, त्यावर रीस्टार्टचं बटण आहे. मी गाडीत अडकलो तर मामा स्वतः दाबू शकतील. त्यांना ते हवंय.

गिरगावकर_जुना
मामांच्या हातात बटण देताय, हे मला पटलं.

रूट_परळ
मला मोनिटचं ओझं नको वाटतं, पण कारण खरं आहे. लावताच आहात तर हे सांभाळा.

डिस्क भरलेली असताना रीस्टार्ट करू नका. जागा नसली की सर्व्हर लिहायचा थांबतो आणि जागेची वाट बघतो, उठवून काही साधत नाही. डिस्कसाठी फक्त अलर्ट ठेवा, 80 टक्क्यांवर. बिनलॉग किती दिवस ठेवायचे तेही ठरवून टाका.

कनेक्शन्स संपली असताना मोनिटलाही 'टू मेनी कनेक्शन्स' मिळेल आणि तो कामात असलेला, धडधाकट सर्व्हर पाडेल. म्हणून पोर्टची तपासणी एकदा फसली की लगेच रीस्टार्ट नको, सलग तीन सायकल (तपासणीच्या फेऱ्या) फसली तरच. सायकल 30 सेकंदांची ठेवा.

स्टार्टला टाइमआउट मोठा द्या, 300 सेकंद. डिफॉल्ट 30 असतो. क्रॅशनंतर इनोडीबी लॉगमधून सावरत असतो, तेवढ्यात मोनिटने पुन्हा ढकललं तर सावरणं पहिल्यापासून सुरू होतं. आणि 'पाच सायकलमध्ये तीन रीस्टार्ट झाले तर अनमॉनिटर' (नजर ठेवणं थांबव) ही ओळ हवीच.

स्टार्ट-स्टॉपच्या ओळींत सिस्टिमसीटीएलच वापरा, म्हणजे मोनिट आणि सिस्टिमडीची भांडणं होणार नाहीत. अपडेट करताना आधी 'मोनिट अनमॉनिटर', नाहीतर तुम्ही बंद केलेला डेटाबेस तो मध्येच चालू करेल.

आणि मोनिटच्या वेबपानाचा 2812 पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. लोकलहोस्टवर (फक्त त्याच मशीनपुरता) बांधा, मामांच्या फोनवर वायरगार्ड (सर्व्हरशी खाजगी जोडणी देणारं व्हीपीएन) टाकून द्या.

क्रॉन_विरोधक
पूर्ण मशीनच बंद पडलं तर मोनिटही बंद. बाहेरून बघणारं काहीतरी हवं.

मसाला_भाचा
त्यासाठी गिरगावकर काकांचा जुना पीसी. मामांच्या माळ्यावर एक पडलाय, त्यावर अपटाइम कुमा टाकतो. तो दुकानातून साइट बघेल आणि टेलिग्रामवर कळवेल.

हिंदमाता_रहिवासी
माळा, हे बरं केलंत.

रूट_परळ
शेवटी चाचणी घ्या. बॅकअप काढून झाल्यावर, दुकान बंद असताना, 'किल -9' ने मारियाडीबीडी मारा आणि तो किती वेळात ऑर्डर घ्यायला लागतो ते बघा. मेसेज आला का तेही बघा.

मसाला_भाचा
रविवारी रात्री घेतो. मामांना शेजारी बसवून, बटण त्यांच्याकडूनच दाबून घेतो.

क्लाउडवाला_ठाणे
बॅकअप कुठे ठेवताय? त्याच सर्व्हरवर?

मसाला_भाचा
सध्या हो. त्यासाठी वेगळा धागा काढतो.